पाटावरचं बिऱ्हाड

कावळा भिजला की निम्मा होतो. खोटं वाटत असेल तर श्रावणात आमच्या परसात येऊन बघा. एरवी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी दादागिरी करणारा हा गडी पावसात असा काही चिंब होतो की मान कुठली आणि पोट कुठलं कळत नाही. तरी तोंड गप्प नाही. विजेच्या तारेवर बसून पावसालाच शिव्या घालत असतो. त्याच्या शेजारी खंड्या असतो, तो डोकं खांद्यात घालून मुकाट बसलेला. मला आपला कावळा आवडतो. राग आला तर बोलून मोकळं व्हावं, उगाच आतल्या आत कुढत कशाला बसायचं?

आमचं घर पेणच्या बाहेर, खाडीकडं उतरणाऱ्या रस्त्याला. घराला लागून कारखाना. परगावच्या माणसाला कारखाना म्हटलं की डोलवीची कंपनी डोळ्यांपुढं येते, धुराडी, शिफ्टच्या बसगाड्या. पेणात नुसतं कारखाना म्हटलं तर तो गणपतीचा. पत्र्याची लांबलचक शेड, फळ्यांची मांडणी आणि त्यांवर ओळीनं बसलेले शाडूचे गणपती. आधी माझे सासरे, आबा, करायचे, आता आमचे हे करतात. मी असते रंगाला, सोनेरी कामाला आणि ओरडायला. ओरडायचं काम सगळ्यांत जास्त असतं असं माझं म्हणणं. ह्यांचं म्हणणं, तेवढं एकच काम तू मनापासून करतेस.

उजेड चांगला मिळतो म्हणून मी रंगायला दारातच बसते. हातात मुकुट नाहीतर सोंड, आणि नजर परसात. त्यामुळं पावसाळ्यात कोण पक्षी काय करतो हे मला शेजारणींच्या भानगडींपेक्षा जास्त माहीत. साळुंक्या पाऊस आला की पायरीवर पत्र्याखाली येऊन उभ्या राहतात आणि चप्पल ठेवायला आलेल्या माणसाकडं अशा बघतात की तोच मागं फिरतो. भारद्वाजाला भिजायचं काही वाटत नाही, पण जरा ऊन पडलं की कुंपणावर पंख पसरून बसतो, वाळत घातलेल्या चादरीसारखा. भातखाचरातले बगळे सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतात, वाऱ्याकडं. पाठ केली तर पिसं उलटी होतात ना! एकदा खाचरं भरून पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा पाणकोंबडी आपली काळी काळी पिल्लं घेऊन आमच्या फाटकातून आत आली आणि सरळ कारखान्यापुढून चालत मागच्या वाडीत गेली. विचारणं नाही, पुसणं नाही. मी म्हटलं, "अगो, निदान चहा तरी घेऊन जा!"

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी आषाढात वादळी वारा सुटला होता. दाराजवळच्या जास्वंदीत बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. डोक्यावर काळी शेंडी, बुडाखाली लाल टिकली, तो नेहमीचा बुलबुल. त्यांच्यात नवरा कोण, बायको कोण, दिसून कळत नाही. जास्त ओरडते ती बायको, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं. मी दुर्लक्ष केलं. तर तो वारा असा आला की नारळाच्या झावळ्या कौलांवर आपटायला लागल्या, अर्धी जास्वंद मोडून पडली. सकाळी बघते तर घरटं चिखलात, अंडी फुटलेली. मला फार वाईट वाटलं. मोडकी फांदी तोडायला हे कोयता घेऊन आले तर मी त्यांच्यावरच खेकसले, जसा काही वारा त्यांनीच सोडला होता.

बुलबुलांनी मात्र फार वेळ रडत बसायचं काम केलं नाही. दोन दिवस ती जोडी तारेवर बसून इकडंतिकडं बघत होती. मग एक जण उडून थेट कारखान्यात शिरला. माझ्या डोक्यावरून गेला, मांडणीभर फिरला, एका गणपतीच्या मुकुटावर बसला, तिथून पत्र्याखालच्या वाशावर. दुसरा दारातूनच सूचना देत होता. भाड्याची खोली बघायला आलेलं जोडपं कसं नळ उघडून बघतं, भिंतीवर टकटक करतं, अगदी तसं चाललं होतं. शेवटी त्यांनी जागा पसंत केली ती सगळ्यांत मागच्या मांडणीची वरची फळी. तिथं एक जुना पाट आडवा टाकलेला होता. त्या पाटाच्या कोपऱ्यात काड्या पडायला लागल्या.

पाटाचं जरा सांगायला हवं. आमच्याकडं ज्याला गणपती न्यायचा तो आपला पाट आधी आणून देतो. नागपंचमी झाली की पाट यायला लागतात. कुणाचा सागाचा, कुणाचा फणसाचा, कुणी नव्या घरातला घाईनं केलेला प्लायवूडचा. आम्ही पाटाच्या पोटाला खडूनं घराचं नाव घालतो आणि रचून ठेवतो. ज्याचा पाट त्याचाच गणपती त्यावर बसून जायचा. त्यात चूक झाली तर माणसं वर्षभर तोंड बघत नाहीत. म्हणून नाव नसलेला पाट म्हणजे कुणाचाच नाही, कारखान्याचा, ओल्या मूर्ती इकडून तिकडं न्यायचा. असे एकदोन पाट आमच्याकडं पडून असतात.

बुलबुलीण बसली तो पाट मी मान वर करून, फळ्यांच्या फटीतून खालून बघितला. नाव नव्हतं. मी म्हटलं, "बस बाई, बिनधास्त बस. तुझाच पाट समज." ह्यांनाही सांगितलं, वरच्या फळीला हात लावायचा नाही. ते शाडू मळत होते, नुसतं 'हूं' म्हणाले. आमच्या ह्यांचं 'हूं' म्हणजे ऐकलं असं नव्हे, आवाज पोचला एवढंच.

श्रावण लागला आणि पावसानं जो जोर धरला तो धरलाच. मोबाईलवर रोज लाल नाहीतर नारिंगी इशारा. शाडूच्या कामाला असला पाऊस म्हणजे वैरी. मूर्ती सुकत नाहीत, सुकल्या नाहीत तर रंग नाही, रंग नाही तर डोळ्यांची आखणी नाही. म्हणून पावसाची झड आत येऊ नये यासाठी शेडच्या उघड्या बाजूला ताडपत्री ओढतात आणि आत मोठाले बल्ब लावून ठेवतात, ऊब राहावी म्हणून. त्या वर्षी ह्यांनी नवी कोरी निळी ताडपत्री आणली होती. एका दुपारी वारा फिरला, झड थेट मूर्तींवर यायला लागली, तशी ह्यांनी ती चहूबाजूंनी आवळून बांधली. दारसुद्धा लावून घेतलं.

थोड्या वेळानं बाहेर कसला तरी कालवा ऐकू आला. मी दार किलकिलं करून बघितलं. तारेवर बुलबुल, चोचीत हिरवी अळी, आणि वाऱ्यानं शेंडी पार मागं गेलेली. उडून ताडपत्रीपर्यंत यायचा, धडकायचा, परत तारेवर. आत बुलबुलीण अंड्यांवर बसून त्याला उत्तर देत होती. आमच्याकडं आखणीला येणारी बाई जवळच्याच गावातली, ती हातातला ब्रश थांबवून म्हणाली, "वयनी, तिचा जेवनाचा डबा भायेरच रायला गो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघेनात. मग म्हणाले, "नवी ताडपत्री हाय."

"मी काय बोलले?"

"तू बोलली नायस, पण मला ऐकू आलं."

हे उठले, कात्री घेतली आणि वरच्या कोपऱ्यात, वाशाला लागून, वीतभर भोक पाडलं. नव्या ताडपत्रीला भोक! ज्या माणसानं लग्नातला सूट अजून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, त्या माणसानं. बुलबुलाला ते भोक सापडायला वेळ लागला, पण एकदा सापडल्यावर त्यानं जी ये-जा सुरू केली ती अशी, जसं काही ते त्याच्यासाठीच शिवून आणलं होतं. मी मनातून खूश झाले. वरून म्हटलं, "जरा मोठं नाही का पाडायचं?"

मग पिल्लं निघाली. तीन. गुलाबी, उघडी, नुसती चोच आणि पोट. आणि त्याच आठवड्यात पाऊस असा लागला की बाहेर किडा म्हणून दिसेना. एवढ्या पावसात ही आई काय आणणार आणि बाप काय आणणार, मला काळजी लागली. मी पपईची फोड कठड्यावर ठेवली, ती कावळ्यानं पळवली. दुसरी ठेवली, तीही त्यानंच. पण बुलबुल माझ्यापेक्षा हुशार निघाले. मूर्ती सुकवायला लावलेल्या बल्बांभोवती पंखवाल्या मुंग्या जमायच्या. एका संध्याकाळी बापाच्या ते लक्षात आलं. तो गणपतीच्या उजव्या हातावर बसायचा, झेप घ्यायचा, बल्बाजवळची मुंगी टिपायचा आणि वर पिल्लांकडं. घरबसल्या जेवण. एवढा पाऊस पडत असून त्याला अंगावर थेंब घ्यावा लागत नव्हता. वीज गेली की मात्र बिचारा माझ्याकडं बघत बसायचा, जशी मीच वीज घालवली.

पत्राही गळायला लागला. गळून गळून नेमका कुठं गळावा, तर त्या पाटाच्या वर. बुलबुलीण पंख पसरून पिल्लांवर बसलेली आणि थेंब तिच्या पाठीवर. हलायचं नाव नाही. मी लाकडी घोड्यावर चढून वाशांमध्ये एक परात अडकवली. तर परातीत थेंब पडून असा आवाज व्हायला लागला की ती दचकून उठायची. मग परातीत ह्यांचा जुना बनियन टाकला. आवाज बंद. आखणीवाली बाई म्हणाली, "आमच्या घरात एवढी गलती हाय, आमाला नाय कोन परात लावीत." मी म्हटलं, तू पण पाटावर अंडी घाल, लावते.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि रोह्याहून फोन आला.

रोह्याला माझी नणंद असते. ह्यांची थोरली बहीण. त्यांचं घर कुंडलिका नदीच्या अंगाला, पूल दिसतो तिथून. मी त्यांना वन्सं म्हणते आणि थोडी घाबरते. थोडी कसली, चांगलीच घाबरते. दरवर्षी हरितालिकेला सकाळी त्या यजमानांना, म्हणजे आमच्या भावोजींना, घेऊन गाडीनं गणपती न्यायला येतात. उपास असतो, त्यामुळं पोट रिकामं आणि डोकं तापलेलं. मूर्ती चारी बाजूंनी बघतात. "सोंडेला आबांच्या हातचं वळण नाही." "पितांबराचा पिवळा यंदा भडक झालाय." पितांबर मी रंगवलेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक. इतक्या वर्षांत एकदा तरी 'छान झालाय' म्हणाल्या असतील तर शपथ.

फोनवर म्हणाल्या, "वहिनी, इकडं नदी काठाला लागलीय, पण आम्ही वेळेवर येऊ. माझा पाट पुसून ठेव. तेलाचा हात फिरव."

"हो वन्सं," मी म्हटलं आणि फोन ठेवून देवघराच्या माळ्यावर बघायला गेले. वन्संचा पाट दरवर्षी तिथंच असतो. बाकी लोक श्रावणात पाट आणतात, ह्या आषाढातच भर पावसात येऊन देऊन जातात. आणि त्यावर नाव नसतं. घरच्या पाटाला कोण नाव घालतं? माळ्यावर बघते तर पाट नाही. माळा ओला, एका कोपऱ्यात भांडं लावलेलं.

मी तशीच कारखान्यात गेले. "अहो, वन्संचा पाट कुठंय?"

हे मूर्तीच्या पोटावरून ओला हात फिरवत होते. "माळा गळत होता म्हणून इकडं आणून ठेवला."

"इकडं म्हणजे कुठं?"

त्यांनी वर बघितलं. मीही वर बघितलं. वरून तीन चोची उघडल्या.

"मी तुम्हाला त्या फळीला हात लावू नका म्हटलं तेव्हा तुम्ही 'हूं' म्हणालात!"

"मग मी लावला का हात?" आता या माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

तो पाट साधासुधा नव्हे. वन्संचं लग्न ठरलं त्या वर्षी परसातला फणस पडला होता, त्याच्या लाकडाचा सासऱ्यांनी स्वतः करून दिलेला. त्यांच्या सासरी गणपती चौरंगावर बसायचा. वन्संनी हट्ट करून तो पाटावर आणला. एका वर्षी नदीचं पाणी त्यांच्या ओटीवर आलं, तेव्हा त्यांनी आधी पाट वर नेला आणि मग टीव्ही. भावोजी अजून सांगतात, "मी तिसऱ्या नंबरला होतो." आणि त्या पाटावर आता बुलबुलानं काड्या, मुळं, कोळ्याची जाळी, आणि जे काय बुलबुलाची पोरं करतात ते सगळं.

घरटं उचलून दुसऱ्या पाटावर ठेवावं, असा विचार आलाच. पण ते पाटाच्या कडेला आणि मागच्या उभ्या फळीला असं काही चिकटवून टाकलं होतं की उचललं असतं तर हातात काड्याच आल्या असत्या. आणि पाटासकट हलवलं तर आईबाप परत येतील याचा भरवसा काय? आधीचं एक घरटं वाऱ्यानं नेलं होतं. दुसरं मी नेऊ? ह्यांनी एक फणसाची फळी शोधून काढली आणि रंधा मारायला बसले. "हुबेहूब करतो. ताईला नाय कळणार." मी म्हटलं, "तुमच्या ताईला त्या पाटातली गाठ न् गाठ पाठ आहे. गपचूप गणपती करा." ह्यांनी फळी खाली ठेवली.

मग उरलं एकच. हरितालिकेच्या आत पिल्लांनी उडायचं. दिवसातून किती वेळा मी घोड्यावर चढत असेन देव जाणे. पिसं फुटली, शेंडी दिसायला लागली, घरट्याच्या कडेवर येऊन पंख हलवायला लागली. आखणीवाली बाई गणपतीचे डोळे आखता आखता विचारायची, "आज उडतील?" हेसुद्धा, वर न बघता, "काय म्हणतात?" विचारायचे. गिऱ्हाईकं पाट घेऊन यायची, त्यांनाही सगळी हकिगत कळलेली. एक काका तर स्वतःचा गणपती बघायचा सोडून आधी पिल्लं बघायचे. आणि पाऊस? पाऊस काही उसंत देईना. आई जरा धीर द्यायला तारेवर बसून हाका मारायची, पिल्लं फळीवरून उड्या मारत भोकापर्यंत यायची, बाहेरचा तो धो धो बघायची आणि परत घरट्यात. त्यांचं तरी काय चुकलं? मी असते तरी गेले नसते.

हरितालिकेच्या आदल्या दिवशी दुपारी उघडीप झाली. ऊन पडलं. भारद्वाज चादर पसरून बसला. थोरलं पिल्लू उडालं आणि भोकातून बाहेर पडण्याऐवजी खाली आलं, माझ्या सोनेरी रंगाच्या वाटीत एक पाय बुडवून शाडूच्या एका उंदरावर जाऊन बसलं. तिथून दारातून जास्वंदीत. मधलं त्याच्यामागं. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. धाकटं कडेवर आलं. पंख फडफडवले. आईनं केवढ्या हाका मारल्या. आणि तेवढ्यात आभाळ परत भरून आलं, टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले, आणि हे पठ्ठं घरट्यात जाऊन खाली बसलं. मी त्याला खालून हात जोडले. "अरे राजा, उद्या वन्सं येतायत रे!"

सकाळी पाऊस चालूच. धाकटं पाटावरच. आणि फाटकात गाडी वाजली.

वन्सं आल्या त्या छत्री झटकतच. उपासाचा चेहरा. भावोजी मागून मोठा प्लास्टिकचा कागद घेऊन, गणपतीवर घालायला. वन्संनी मूर्ती बघितली. चारी बाजूंनी. "कानाची पाळी जाड झाली," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "पाट?"

हे एकदम एका मूर्तीच्या मागं जाऊन काहीतरी शोधायला लागले. ऐन वेळेला हे असंच. मी म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, आणि सगळं सांगून टाकलं. जास्वंद, वारा, गळका माळा, ताडपत्रीचं भोक, परात, बनियन, सगळं. एका दमात. शेवटी म्हटलं, "एकच राहिलंय वन्सं. धाकटं. आज ना उद्या जाईल, पण आत्ता पाट काढला तर भिजून मरेल ते."

वन्संनी छत्री भिंतीला टेकवली. मागच्या मांडणीपाशी गेल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. धाकट्याला वाटलं आईच आली, त्यानं आ वासला. तेवढ्यात भोकातून खरी आई आली, चोचीत किडा, अंग निथळतंय, आणि वन्संना बघून तिनं जो काही आरडाओरडा केला! एका वाशावरून दुसऱ्यावर, पार त्यांच्या डोक्याजवळून.

वन्सं म्हणाल्या, "बाई बाई! ही तर वहिनीच आहे." आणि हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना मी आबा गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग म्हणाल्या, "तुमचा पाट आण. घरचा. त्याच्यावर नेते मी."

"आणि आमचा गणपती?"

"बसेल चौरंगावर. माझ्या सासरी बसत नव्हता का आधी इतकी वर्षं?"

भावोजी कागद उलगडत होते. ते म्हणाले, "अगं, पण मग ह्या पाटासाठी दर आषाढात मला पुरातून पेणला का आणतेस? चौरंग चालतो तर चौरंगच ठेवू की आपण."

वन्संनी त्यांच्याकडं बघितलं, मग पाटाकडं. "रोह्याला सुतार नाहीत का? पाट काय, पन्नास मिळतील," त्या म्हणाल्या. "आबा गेल्यावर इथं यायला काहीतरी निमित्त नको का मला? पाट आणून द्यायचा म्हणून एकदा, न्यायचा म्हणून एकदा. एरवी या म्हणून कोण बोलावतंय?"

त्यांचा आवाज काही रागाचा नव्हता. आमच्या ह्यांनी मूर्तीमागून डोकं बाहेर काढलं होतं, ते तसंच राहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्या माझ्या कामातल्या खोडी काढायला येतात. मला रडूच आलं. मी आत जाऊन घरचा पाट काढला, पुसला, त्याला तेलाचा हात फिरवला, चांगला दोनदा.

गणपती पाटावर बसला, तोंडावर रुमाल आला, आणि मोरया म्हणून गाडी गेली. जाताना वन्संनी काचेतून सांगितलं, "उडालं की फोन कर."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. आमच्या घरी पूजा, कारखान्यात शेवटच्या गिऱ्हाइकांची धांदल, आणि रोह्याहून फोनावर फोन. "गेलं का?" नाही वन्सं. मागं आरतीच्या झांजा वाजतायत आणि ह्या विचारतायत, "काही खाल्लं का त्यानं?" दुपारी पाऊस थांबला. थांबला म्हणजे नुसता बारीक झाला. धाकटं भोकाच्या कडेवर जाऊन बसलं. ह्यांनी, आखणीवाल्या बाईनं, मी, सगळ्यांनी हातातली कामं टाकली. एक गिऱ्हाईक डोक्यावर गणपती घेऊन तसंच उभं. आणि ते गेलं. वाकडंतिकडं, थेट जास्वंदीत, आईच्या शेजारी. थोडं भिजलं, पिसं झटकली, झालं. एवढ्याशा पावसाला घाबरत होतं वेडं.

मी लगेच फोन लावला. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि लगेच पुढं, "आता पाट बदलायला यायला हवं मला एकदा."

मी म्हटलं, "वन्सं, पाट राहू दे तिथंच. तुम्ही या."

तिकडून पुन्हा झांजा ऐकू आल्या. मग म्हणाल्या, "बघू. कामं असतात." आणि फोन ठेवला.

पाट बदलायचे राहिले ते राहिलेच. आमचा रोह्याला, त्यांचा वरच्या फळीवर, घरट्यासकट. ताडपत्रीचं भोकही ह्यांनी शिवलं नाही. यंदा आषाढात असाच एक दिवस पाऊस कोसळत होता, रस्त्यावर पाणी, मी दारात बसून उंदराचे कान रंगवत होते, आणि फाटकात गाडी वाजली. वन्सं उतरल्या. हातात पाट नाही, पिशवी नाही, नुसती छत्री.

दारातच उभ्या राहून, वर फळीकडं बघत म्हणाल्या, "म्हटलं, बुलबुल आलेत का, बघून येऊ."

बुलबुल अजून आले नव्हते. मी म्हटलं, "येतायत हो, आजउद्या येतील. तुम्ही थांबा चार दिवस." आणि त्या थांबल्या.